भाड्याचा सारथी

मोठमोठ्या कचेऱ्यांतून अलीकडे एका नव्या मानकऱ्याचें प्रस्थ वाढलें आहे. त्याचें नांव एक्झिक्युटिव्ह कोच. कंपनीचा मुख्य अधिकारी किंवा कारखान्याचा मालक कामाच्या ओझ्याखालीं वाकला, कीं हा गृहस्थ शुल्क घेऊन त्याच्यासमोर बसतो, प्रश्न विचारतो, आणि त्याच्याच तोंडून उत्तर वदवून घेतो. आमच्याकडे या व्यवसायाची थोरवी गातांना श्रीकृष्णार्जुनांचा दाखला देण्याची चाल पडली आहे. त्या थोरवीची आज थोडी झडती घ्यावी असा आमचा विचार आहे.

'कोच' हा शब्द मूळचा गाडीचा. हंगेरींतील कोच नांवाच्या गांवच्या घोडागाडीवरून तो युरोपभर पसरला. एकोणिसाव्या शतकांत ऑक्सफर्डच्या विद्यार्थ्यांनीं परीक्षेच्या पार नेणाऱ्या खाजगी शिक्षकाला तो विनोदानें लावला. पुढें तो खेळाच्या मैदानावर गेला. 1974 सालीं टिमोथी गॅल्वे यांनीं टेनिसवर पुस्तक लिहून, खेळाडूचा खरा प्रतिस्पर्धी त्याच्या मनांतच असतो असें प्रतिपादन केलें. मोटारशर्यतींत नांव कमावलेले सर जॉन व्हिटमोर यांनीं तो विचार कचेरींत आणला व 1992 सालीं त्यावर ग्रंथ लिहिला. या वंशावळींत लाजिरवाणें कांहीं नाहीं. शिकविणाऱ्याचा उपकार आमच्यासारख्या मास्तरानें तरी नाकारूं नये.

परंतु विद्यार्थ्याची परीक्षा दुसऱ्यानें ठरविलेली असते, खेळाचे नियम दुसऱ्यानें केलेले असतात. मालकाचें तसें नाहीं. रात्रीं अकरा वाजतां धाडलेला निरोप, प्रत्येक कागदावर आपलीच सही हवी हा हट्ट, दुय्यम माणसावरील अविश्वास, हें सारें बहुधा त्याचें स्वतःचेंच कर्तृत्व असतें. रोग कामाच्या वांटणींत आणि औषध मात्र मनाला, हा वैद्यकाचा कोणता प्रकार?

जागतिक आरोग्य संघटनेनें 2019 सालीं 'बर्नआउट' या अवस्थेची नोंद व्याधि म्हणून न करतां, कामाच्या ठिकाणच्या न आवरलेल्या ताणाचा परिणाम म्हणून केली. 2021 सालीं तिनें व आंतरराष्ट्रीय कामगार संघटनेनें प्रसिद्ध केलेल्या अभ्यासाप्रमाणें, आठवड्यास 55 वा अधिक तास राबणाऱ्यास, 35 ते 40 तास काम करणाऱ्याच्या मानानें, पक्षाघाताचा धोका 35 टक्क्यांनीं अधिक असतो. रक्तवाहिन्यांना मनोबलाचें व्याख्यान ऐकूं येत नाहीं! तेथें तासच कमी केले पाहिजेत.

कोणी म्हणेल, चांगला कोच हेंच सांगतो. शिवाय शिखरावरील माणूस एकटा असतो, त्याला मन मोकळें करावयास कोणी तरी हवें. हें खरें आहे, आणि असे भले कोच आहेत हें आम्ही नाकारीत नाहीं. पण ज्याचें शुल्क पुष्कळदां कंपनीच भरते, आणि साहेब ताजातवाना होऊन पुन्हा त्याच जुवाला जुंपला यावरून ज्याचें यश मोजलें जातें, त्यानें 'हें ओझेंच निम्मे उतरवा' असें बजावावें तरी कोणत्या बळावर? आणि साहेबाच्या त्या रात्रीच्या निरोपाला उत्तर लिहीत बसणाऱ्या कारकुनाचें मन ऐकावयास कोण येतें? साहेबाचा थकवा हा नेतृत्वाच्या विकासाचा विषय. कारकुनाचा थकवा हा मात्र आळस!

आतां त्या दाखल्याविषयीं. श्रीकृष्ण सारथी होता खरा. पण तो भाड्याचा सारथी नव्हता, अर्जुनाच्या मर्जीवर त्याचें पोट नव्हतें. म्हणूनच त्याला कठोर बोलतां आलें. दाखला हवाच असेल तर जवळचा घ्यावा. शिवछत्रपतींच्या 1674 च्या राज्याभिषेकाच्या वेळीं अष्टप्रधानांची कामें नेमून दिलेलीं होतीं. जमाखर्च अमात्याकडे, सैन्य सेनापतीकडे, न्याय न्यायाधीशाकडे. राज्य निर्माण करणाऱ्या पुरुषाला अधिकार वांटून देणें कमीपणाचें वाटलें नाहीं. मग पन्नास माणसांच्या कारखानदाराला तें कां वाटावें?

तेव्हां मालकमहाशय, सह्यांचे अधिकार लेखी वांटून द्या, रात्रीचे निरोप बंद करा, आणि पंधरा दिवस घरीं बसून कचेरी चालते कीं नाहीं तें पाहा. चालली तर रोग गेला. न चालली, तर दोष कोठें आहे हें शुल्क न भरतां कळलें.