भाड्याच्या व्यासपीठावर किती दिवस बोलणार?



१९२० साली ‘मूकनायक’ची जाहिरात पैसे घेऊनही छापण्यास ‘केसरी’ने नकार दिला, हे आपल्या घरातील मुलांनाही ठाऊक आहे. त्या नकारात एक सोय होती: तो उघड होता. आजच्या समाजमाध्यमांच्या कंपन्या नकार देत नाहीत. त्या आपले स्वागत करितात, आपली भाषणे व छायाचित्रे फुकट ठेवून घेतात आणि ती कोणाच्या दृष्टीस पडावीत हे मात्र बंद खोलीत ठरवितात.

मिरजगावच्या काही तरुणांनी जयंतीची छायाचित्रे, वर्षावासातील प्रवचने, शिष्यवृत्तीच्या मुदती, सारे काही अशाच एका पानावर कित्येक वर्षे साठविले होते. एका रात्रीत ते पान बंद झाले. कारण विचारता उत्तर यंत्राने दिले. मुले मजकडे आली, “वकीलसाहेब, नोटीस द्या.” नोटीस दिली; परंतु मुलांनी न वाचताच मान्य केलेले करारपत्र मी आधी वाचले. पान बंद करण्याचा अधिकार कंपनीने स्वतःकडे राखून ठेविला होता. घराच्या भाडेकरूस निदान भाडे नियंत्रण कायद्याचा आधार असतो. या भाडेकरूस तोही नाही.

आपण म्हणाल, संविधान आहे ना? आहे. पण कलम १९ मधील भाषणस्वातंत्र्याचा रोख प्रामुख्याने शासनावर आहे. कलम १५(२) मात्र दुकानदारासही बांधते; आणि २९ नोव्हेंबर १९४८ रोजी संविधान सभेत बाबासाहेबांनी खुलासा केला होता की, ‘दुकान’ हा शब्द व्यापक अर्थाने घ्यावयाचा, सेवा देणारा जो कोणी तो त्यात येतो; न्हावीही, धोबीही. २०११ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने हाच व्यापक अर्थ खाजगी शिक्षणसंस्थेस लाविला. मग ही कंपनी दुकान नव्हे काय? माझ्या मते आहेच. परंतु जातीमुळेच आवाज दाबला, हे सिद्ध कसे करणार? न्हाव्याने वस्तरा खाली ठेवला तर पाहणारा साक्षीदार असतो. यंत्राच्या गणिताला साक्षीदार नाही.

२०१९ च्या ऑक्टोबरात ज्येष्ठ वकील संजय हेगडे यांचे ट्विटर खाते बंद झाले. सारा जमाव नाझी सलाम करीत असता हाताची घडी घालून उभा राहिलेल्या एका माणसाचे चित्र त्यांनी लाविले होते. कंपनीने ते द्वेषप्रचारात मोजले! त्याच सुमारास ट्विटर जातिभेद करते असा आक्षेप आपल्यापैकी अनेकांनी घेतला, आणि पुष्कळ भारतीयांनी मॅस्टोडॉनची वाट धरली. पुढे २०२२ मध्ये एका धनाढ्याने ४४ अब्ज डॉलर मोजून ट्विटर विकत घेतले. वर्षभरात नावही बदलले. मराठीतही चालणारे स्वदेशी ‘कू’ २०२४ मध्ये बंद पडले. मालक स्वदेशी झाल्याने भाडेकरू मालक होत नाही.

मॅस्टोडॉन एका कंपनीचे घर नव्हे. त्याची आज्ञावली खुली आहे. ती आपल्या संगणकावर बसवून कोणीही केंद्र चालवावे. मिरजगावच्या पोस्टात टाकलेले पत्र नागपूरचा पोस्टमन पोहोचवितो, तद्वत् एका केंद्रावरील लेखन दुसऱ्यावर वाचता येते. चालक नकोसा झाला तर खाते दुसरीकडे हलविता येते, अनुयायीही बरोबर येतात. जुने लेखन मात्र येत नाही, हे मी लपविणार नाही.

“तेथे आपली माणसे नाहीत,” असे तरुण म्हणतात. खरे आहे, २०१९ मध्ये गेलेले कित्येक परत आले. खुल्या केंद्रावरही जातीवाचक शिवी देणारा येतो, त्याला बाहेर काढण्यास कोणीतरी जागे राहावे लागते. खर्चही येतो. ‘मूकनायक’ आणि ‘बहिष्कृत भारत’ सरकारने बंद केले नव्हते, ते पैशाअभावी बंद पडले. आपल्या वाडवडिलांपाशी तेव्हा पैसा नव्हता. आज आपण दरमहा मोबाईलचे रिचार्ज निमूटपणे करितो ना?

कंपन्यांची दारे आजच सोडा, असे मी म्हणत नाही. तेथे बोला, भांडा. पण मूळ प्रत तेथे ठेवू नका. येत्या १४ एप्रिलपूर्वी कर्जत तालुक्यातील विहारांनी मिळून एक केंद्र उभारावे. घरटी वर्षास पन्नास रुपये वर्गणी पुरे. नियमांचा मसुदा मी विनामूल्य लिहून देईन. त्याच्या पहिल्याच कलमात असेल: लेखी कारण दिल्यावाचून आणि म्हणणे ऐकून घेतल्यावाचून कोणाचेही खाते बंद होणार नाही.