व्हिसाची तारीख आणि मुक्कामाची तारीख

आपल्या बडोद्याच्या मंडळात मुलगा वा मुलगी अमेरिकेत नाही असे घर आता क्वचितच सापडेल. गणेशोत्सवात आपण त्यांचा शाल-श्रीफळ देऊन सत्कार करतो. मात्र तिथे परके म्हणून राहताना कोणते नियम पाळावे लागतात, याची चर्चा आपण करीत नाही. त्याची किंमत काही घरे मोजत आहेत, म्हणून हा लेखनप्रपंच.

आमच्या परिचयातील एक वयस्कर जोडपे लेकीच्या बाळंतपणासाठी गेले. व्हिसा दहा वर्षांचा, त्यामुळे सगळे निर्धास्त. पण व्हिसा म्हणजे फक्त दाराशी जाऊन उभे राहण्याची परवानगी. आत किती दिवस राहायचे, ते विमानतळावरचा अधिकारी ठरवतो; पाहुण्याला बहुधा सहा महिने. ती तारीख 'आय-९४' नावाच्या नोंदीत असते. पूर्वी तिचा कागद पासपोर्टात लावून मिळे. २०१३ पासून विमानाने येणाऱ्यांची नोंद संगणकावर गेली. ती आपण होऊन पाहावी लागते. यांनी पाहिली नाही. बाळ अशक्त होते, मुक्काम दोन महिने लांबला. मुदतवाढीचा अर्ज तारीख उलटण्याआधी करायचा असतो, हेही ठाऊक नव्हते. मुदत उलटली की तो दहा वर्षांचा व्हिसाही बाद होतो. नवा अर्ज नामंजूर झाला. धाकट्या नातवाला आजीने अजून मांडीवर घेतलेले नाही.

चेकबुक हातात आहे म्हणजे खात्यात शिल्लक आहे असे नव्हे, हे आम्ही बँकेच्या काउंटरवर अनेकदा सांगतो. हा प्रकार तसाच.

याला उलट बाजूही आहे. एच-१बीवर नोकरी करणाऱ्या मुलाच्या पासपोर्टातील व्हिसा संपला, तरी मुक्कामाची मुदत वाढवून मिळाली असेल तर तो तिथे रीतसर राहू शकतो. पण एकदा इकडे आला की नवा व्हिसा मिळाल्याशिवाय परत जाता येत नाही, आणि मुलाखतीची तारीख कधी मिळेल याचा नेम नसतो. रजा संपून नोकरी गेली, तर बायकामुलांचाही तिथला मुक्काम धोक्यात येतो. असा मुलगा बापाच्या तेराव्याला आला नाही, की आपण 'डॉलरपुढे आईबाप विसरला' म्हणून मोकळे होतो. हे बोलणे अन्यायाचे आहे, असे आमचे स्पष्ट मत आहे.

नियम जाचक आहेत, असे काहीजण म्हणतील. असतील; पण ते न वाचल्याने सैल होत नाहीत. आपले पूर्वज गायकवाडी अमलात इथे आले, तेव्हा त्यांना मुक्कामाची मुदत कोणी विचारली नाही. परवानगीने राहणे आपल्या अंगवळणी नाही. मुलांच्या वाट्याला मात्र तेच आले आहे.

म्हणून कार्यकारिणीला आमची सूचना आहे. महिन्यातून एक रविवार मंडळाच्या सभागृहात ठेवावा. जाणाऱ्यांनी कागद घेऊन यावे, जाऊन आलेल्यांनी सोबत बसून ते वाचून दाखवावेत. अवघड प्रकरण एजंटाकडे न नेता तिथल्या परवानाधारक वकिलाकडे न्यावे. ज्यांचे चुकले आहे त्यांनीही संकोच सोडून बोलावे. त्यांच्या एका अनुभवाने दुसऱ्या दहा घरांचे नुकसान टळेल. सत्काराची शाल एखादी कमी झाली तरी चालेल.