स्टँड वर आहे ना?

साइड स्टँड खाली ठेवून गाडी काढून बघा, अख्खं गाव ओरडतं. ‘ओ दादा, स्टँड!’ समोरचा रिक्षावाला दिवे मारतो, फुटपाथवरचे आजोबा हाताने खुणा करतात. हेल्मेट घाला म्हणून कुणी सांगणार नाही, पण स्टँडची काळजी सगळ्यांना. भन्नाट आहोत आपण!

चाळकेवाडीच्या पठारावर मात्र पवनचक्क्यांशिवाय ओरडणारं कुणी नसतं. २०१६ मध्ये हिमालयन आणि २०१९ मध्ये एक्सपल्स आली, तेव्हापासून साताऱ्याचा वीकेंड म्हणजे मुरमाचे, दगडधोंड्यांचे रस्ते असं समीकरण झालंय. (कासवर मात्र प्लीज डांबरी रस्ता सोडू नका. २०१२ पासून ते जागतिक वारशात आहे, आणि नसतं तरी फुलांवरून गाडी घालणाऱ्याला माझ्याकडे माफी नाही.)

गेल्या हिवाळ्यात सज्जनगड, ठोसेघर करून आम्ही चौघं पठारावर चढलो. एका मित्राची नवी गाडी खडकाळ चढावर मध्येच बंद पडायची. सेल्फ मारला की परत सुरू. पेट्रोल बघ, प्लग बघ, तासभर डोकेफोड. लोच्या निघाला स्टँडचा! दणका बसला की तो जरासा खाली यायचा, आणि स्टँड खाली असेल तर इंजिन बंद करणारा स्विच इमानेइतबारे आपलं काम करायचा.

दुसऱ्याची गाडी जुनी, तिला स्विचच नाही. उताराच्या डाव्या वळणावर स्टँड खाली आला, दगडात अडकला आणि मागचं चाक उचललं गेलं. सरळ रस्त्यावर खाली राहिलेला स्टँड कधीकधी घासून मागे जातोही. पण वळणावर डावीकडे झुकलेल्या गाडीचं वजनच त्याच्यावर येतं. कॉलरबोन फ्रॅक्चर, सहा आठवडे हात गळ्यात. दरी उजव्या बाजूला होती म्हणून हा कॉलम एवढ्या हलक्या सुरात लिहितेय.

फंडा सोपा आहे. स्टँडची स्प्रिंग पिव्हटच्या एका बाजूला असली की स्टँड वर ओढते, ती रेषा ओलांडली की खाली. खड्ड्यात गाडी आदळून उसळते तेव्हा स्टँडचं वजन स्प्रिंगला ताणतं. त्यात स्प्रिंग सैल असेल, बोल्ट ढिला असेल, पिव्हटमध्ये चिखल असेल तर झालंच. मोटोक्रॉसच्या गाड्यांना म्हणूनच मुळात स्टँड नसतो, आणि बऱ्याच एन्ड्युरो गाड्यांना तो बांधायला रबराचा पट्टा असतो.

आम्हाला तो पट्टा पलूसच्या अलीकडे एका पंक्चरवाल्याकडे मिळाला. ‘ताई, ऑनलाइन कशाला मागवताय? ही घ्या की!’ म्हणत त्यांनी जुन्या ट्यूबची दोन बोटं रुंद पट्टी कापली. पण आधी पिव्हट धुतला, ग्रीस भरलं, बोल्ट आवळला आणि ‘स्प्रिंग नवीन टाका, रबर काय तिच्या बदली नसतंय,’ असा दमही भरला.

पट्टी बांधायची ती फ्रेमला किंवा फूटरेस्टच्या ब्रॅकेटला. स्विंगआर्मला नाही, कारण तो चाकाबरोबर वरखाली होतो आणि पट्टी ताणली-ढिली होत राहते. आपल्याकडच्या बहुतेक गाड्यांची चेन डावीकडेच, गिअरही डावीकडे, तेव्हा सुटं टोक तिथे लोंबता कामा नये. गाठ मारू नका, ग्लोव्ह्ज घालून ओढता येईल असा फास ठेवा. आणि उन्हाने रबराला चिरा पडतात, तेव्हा खिशात एक जादा पट्टी हवीच.

एक कटकट आहे. थांबलं की आधी पट्टी काढायची, मगच स्टँड. पाच फूट दोन इंचाच्या मुलीने एवढ्या उंच सीटवरून खाली वाकून ते करणं म्हणजे सर्कस. मी गाडी बांधाच्या कडेला घेते, डावा पाय बांधावर टेकवते आणि मग हात घालते.

सांगलीकडच्या उसाच्या पाणंदीत अजून एक गंमत. काळ्या ओल्या मातीत स्टँड उभा राहतो आणि तुमचा चहा संपेपर्यंत निम्मा आत गेलेला असतो. स्टँडखाली चपटा दगड नाहीतर फरशीचा तुकडा ठेवा. निघताना तो उचलून बॅगेत टाका, पुढच्या पाणंदीत दगड शोधून सापडत नाही.