सायकल घ्यावी आजच्या मापाची



शाळा सुरू व्हायचे दिवस आले की माझ्या टपालात डबा, दप्तर आणि गणवेश हे तीन विषय ठरलेले. यंदा मात्र केजहून एका भगिनीनं वेगळंच विचारलंय. ‘मुलगी नववीत गेली. उंची पाच फूट चार इंच. तिला जाड टायरची, गिअरची सायकल हवी आहे. दुकानात एक सोळाची फ्रेम आहे, एक अठराची. तक्त्यात बघावं तर तिची उंची बरोबर दोन्हींच्या मधे! हे म्हणतात, पैसे एकदाच घालायचे तर मोठीच घेऊ, पोर अजून वाढेल. तुम्ही काय म्हणता?’

अहो, या बाबतीत मी स्वतः सपशेल चुकलेली आहे. तेव्हा उत्तर पुस्तकातलं नाही, अनुभवाचं देते.

आमच्या थोरलीला सायकल घेताना मीच म्हटलं होतं, ‘मोठी घ्या, चार वर्षं बघायला नको.’ आपल्याला सवयच तशी. फ्रॉक शिवायचा तर शिलाईत माया ठेवायची, चप्पल घ्यायची तर एक नंबर पुढची. सायकल आली, हळदकुंकू झालं, पोरगी शाळेत जाऊ लागली. आमचं अंबाजोगाई बालाघाटाच्या डोंगरातलं, चढ-उतार पावलोपावली. दिवाळीनंतर उसाचे ट्रॅक्टर सुरू झाले. एका उतारावर मागून दोन ट्रॉल्यांचा ट्रॅक्टर आला, हिनं डांबराच्या कडेला घेऊन पाय टेकायला बघितलं. कड खाली, सायकल उंच. पाय पोचलाच नाही. पडली. नशीब, गवताच्या बाजूला पडली.

घरी चकार शब्द बोलली नाही. पंधरा दिवसांनी तिच्या मैत्रिणीच्या ओसरीवर मला सायकल उभी दिसली. रोज तिथं ठेवायची आणि पुढं पायी जायची! विचारलं तर म्हणाली, ‘आई, बाबांनी एवढे पैसे घातले. सांगू कशी?’ त्या दिवशी माझा मलाच राग आला.

तेव्हापासून एक गोष्ट पक्की ध्यानात ठेवली आहे. कपड्याचा नियम सायकलला उलटा लागतो. मोठा कपडा आत घेता येतो, लहान वाढवता येत नाही. सायकलीचं तसं नाही. लहान फ्रेमची सीट वर घेता येते, थोडी मागं सरकवता येते, हँडलही थोडंफार उंच करून मिळतं. मोठ्या फ्रेमची दांडी मात्र कोणीही खाली करून देत नाही. म्हणून माप दोन्हींच्या मधे पडलं, तर बहुतेक वेळा लहान फ्रेम घ्यावी.

आता हे आकडे कसले, तेही बघू. सव्वीस, साडेसत्तावीस हा आकडा चाकाचा. सोळा, अठरा हा फ्रेमचा. म्हणजे पायडलच्या मधल्या आसापासून सीटची नळी जिथं संपते तिथपर्यंतचे इंच. एकाच सव्वीसच्या चाकावर लहान फ्रेमही मिळते आणि मोठीही. तेव्हा ‘सव्वीसची द्या’ एवढंच म्हणून भागत नाही. शिवाय एका कंपनीची सोळा आणि दुसरीची सोळा तंतोतंत सारखी नसते. म्हणून मुलीला बरोबर न्यायचं आणि प्रत्यक्ष बसवून बघायचं.

घरून निघण्यापूर्वी एक माप घ्या. मुलीला अनवाणी भिंतीला पाठ लावून उभी करा. पुठ्ठ्याच्या बांधणीचं पुस्तक दोन्ही पायांच्या मधे घट्ट वर धरायला सांगा. पुस्तकाच्या वरच्या कडेशी भिंतीवर पेन्सिलीची खूण करा आणि जमिनीपासून टेपनं मोजा. हे झालं पायाचं माप. ते कागदावर लिहून टेपसकट पर्समध्ये टाका.

दुकानात गेल्यावर हे बघा:

१. मधली दांडी पायांमधे घेऊन मुलगी दोन्ही पाय जमिनीवर टेकून उभी राहिली, की दांडी आणि अंग यांत निदान दोन इंच जागा हवी. जाड टायरची सायकल खडबडीत रस्त्यावर चालवायची, एकदम उतरायची वेळ येते. तिथं ही जागा नसेल तर लागतं, आणि नाजूक जागी लागतं.

२. सीटवर बसून एक पायडल अगदी खाली न्या आणि त्यावर टाच ठेवा. पाय सरळ झाला की सीटची उंची बरोबर. मग चवडा ठेवला की गुडघ्यात थोडा बाक येतो, तो हवाच. सीट फार खाली असेल तर गुडघे दुखतात, फार वर असेल तर कंबर डावी-उजवीकडे हलते. नवशिकीची सीट मात्र सुरुवातीला थोडी खालीच ठेवा. दोन्ही चवडे टेकले की धीर येतो.

३. हँडल धरल्यावर कोपरात थोडा बाक राहायला हवा. हात ताणलेले असतील तर मान, खांदे आणि तळहात दुखणारच. बोटं ब्रेकपर्यंत सहज पोचतात ना, तेही बघा. बऱ्याच ब्रेकना एक लहान स्क्रू असतो, त्यानं मूठ जवळ आणता येते. दुकानदाराकडून तिथंच करून घ्या.

४. सीटच्या दांड्यावर एक आडवी खूण असते. सीट कितीही वर घेतली तरी ती खूण नळीच्या आतच राहिली पाहिजे. आताच ती दिसू लागली तर ती फ्रेम खरोखरच लहान आहे, दुसरी बघा.

बिनदांडीची लेडीज सायकल घेणार असाल तर पहिलं माप लागू पडत नाही. तिथं तिसऱ्यावर जास्त लक्ष द्या.

राहिला ‘अजून वाढेल’ हा मुद्दा. आपण आया हे वडिलांपेक्षा चांगलं जाणतो. पाळी सुरू झाली की मुलीची उंची साधारणपणे आणखी दोन-तीन इंचच वाढते, आणि तीही हळूहळू. एवढी वाढ सीट वर घेऊन सहज भागते. दहा वर्षांच्या पोरीची गोष्ट वेगळी. ती भराभर वाढते. तिच्यासाठी मोठी घ्यायला हरकत नाही, पण अट एकच: सीट अगदी खाली घेतल्यावर ती आज चवडे टेकते, आज ब्रेक धरते. उद्याच्या भरवशावर नको. एखादीचे पाय आखूड आणि धड-हात लांब असतात. हात पसरून मोजलेलं अंतर उंचीपेक्षा जास्त भरलं तर तिला मोठी फ्रेम जमूही शकते. पण दांडीची दोन इंच जागा सुटत असेल तरच.

गेवराई-माजलगावकडं गोदाकाठच्या सपाटीला राहत असाल तर गिअरवाचूनही काम भागतं. ते पैसे चांगले ब्रेक आणि चेनच्या कव्हरवर घाला. ओढणी अडकायची भीती राहत नाही.

एवढा काथ्याकूट का, तर सायकल म्हणजे आपल्याकडं शाळेची वाट. बिहारमध्ये २००६ पासून नववीच्या मुलींना सायकलसाठी पैसे दिले, तेव्हा माध्यमिक शाळेत जाणाऱ्या मुलींची संख्या सुमारे तीस टक्क्यांनी वाढल्याचं अभ्यासकांना आढळलं. आपल्या राज्यातही मानव विकास कार्यक्रमातल्या तालुक्यांत आठवी ते बारावीच्या गरजू मुलींना सायकलसाठी मदत मिळते. तुमच्याकडं कामाला येणाऱ्या बाईंची मुलगी शाळेत असेल तर त्यांच्या कानावर घाला. चौकशी मुलीच्या शाळेतच करायची. बीडसारख्या जिल्ह्यात, जिथं शाळा सुटली की लग्नाची बोलणी सुरू होतात, तिथं मुलगी शाळेच्या रस्त्यावर राहिली पाहिजे. न पेलणारी सायकल तिला त्या रस्त्यावरून घरी बसवते, आणि आपल्याला वाटतं पोरीलाच हौस नाही.

तेव्हा केजच्या ताई, सोळाची घ्या. टाच टेकवून, दांडी मोजून घ्या. आणि घेतल्यावर आठ दिवसांनी तिला एकांतात विचारा, ‘नीट जमतंय ना गं?’ ती मान खाली घालून ‘हो’ म्हणाली, तर एक दिवस तिच्याबरोबर रस्त्याच्या कोपऱ्यापर्यंत जाऊन या.

आमच्या थोरलीची सायकल तिच्या मामेभावाला दिली. तिला तिच्या मापाची आणली. मग ओसरीवर काही उभी दिसली नाही.