फोटो काढण्याआधी दोन पावलं मागे



ऊसतोडीचे दिवस आले की आमच्या पालकांच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर एक फोटो हमखास येतो. गेल्या हंगामातही आला. उसाच्या फडात सापडलेलं बिबट्याचं पिल्लू, ते दोन्ही हातांत धरलेला सहावी-सातवीतला एक मुलगा, मागे हसणारी चार-पाच मोठी माणसं. खाली बदाम आणि अंगठ्यांची रांग. दुसऱ्या दिवशी वर्गातही तोच विषय. "सर, किती गोड आहे ना?" एका मुलीने विचारलं. मी म्हटलं, "आहेच. पण त्या वेळी त्याची आई कुठे असेल?" वर्ग एकदम गप्प झाला.

आपण मुलांकडून 'वन्यप्राणी वाचवा' हा निबंध लिहून घेतो. त्यात शिकार येते, जंगलतोड येते. ते सगळं खरंच आहे. कातडी आणि नखांसाठी बिबटे मारले जातात, रानडुकरासाठी लावलेल्या फासात अडकतात, उघड्या विहिरीत पडतात, रस्त्यावर गाडीखाली येतात. पण आपल्या मुलांच्या हातात ना बंदूक आहे ना कुऱ्हाड. त्यांच्या हातात मोबाईल आहे. त्याचं काय करायचं, हे मात्र आपण शिकवत नाही.

जुन्नर, आंबेगाव, संगमनेर, अकोले या भागांत बिबट्या उसातच राहतो, उसातच वितो. मादी पिल्लांना फडात लपवून भक्ष्याला जाते आणि अंधार पडल्यावर परत येते. तिला पिल्लू जागेवर मिळालं नाही, तर ती तिथेच घुटमळते. फडाशेजारीच तोडणी कामगारांच्या कोप्या असतात, त्यांत लहान मुलं झोपलेली असतात. आता सांगा, त्या एका सेल्फीची किंमत कोण मोजणार?

यावर चांगला उपायही आपल्याकडेच आहे. जुन्नर परिसरात वनविभाग आणि माणिकडोहच्या बिबट निवारा केंद्रातली मंडळी पिल्लू तपासतात आणि संध्याकाळी सापडलेल्या जागीच खोक्यात ठेवतात. माणसं लांब जातात. पहारा फक्त कॅमेऱ्याचा. रात्री आई येते, पिल्लाला तोंडात धरून घेऊन जाते. हे चित्रीकरण वर्गात जरूर दाखवा. फोटो इथेही आहेच, पण तो काढताना तिथे माणूस नाही.

दुसरं उदाहरण मुंबईचं. आरे कॉलनीतल्या वारली वस्तीच्या गल्लीतून रात्री चालणाऱ्या बिबट्याचा नयन खानोलकर यांचा फोटो तुम्ही पाहिला असेल. २०१६ साली त्याला 'वाइल्डलाइफ फोटोग्राफर ऑफ द इयर' स्पर्धेत शहरी विभागाचं पारितोषिक मिळालं. कॅमेरा आणि दिवे आधीच लावून ठेवले होते. हवा तसा फोटो मिळायला चार महिने लागले. बिबट्याला कुणी अडवलं नाही, त्याच्या मागे कुणी धावलं नाही.

अभ्यासकही असेच फोटो वापरतात. प्रत्येक बिबट्याच्या अंगावरचे ठिपके वेगळे असतात, जसे आपल्या बोटांचे ठसे. त्यावरून कोणता बिबट्या कोणता हे ओळखून संख्येचा अंदाज काढतात. २०२२ च्या अंदाजानुसार भारतात १३,८७४ बिबटे आहेत, त्यांतले १,९८५ महाराष्ट्रात. ही मोजणी मुख्यतः जंगलपट्ट्यातली आहे.

आणि आपण काय करतो? विहिरीत किंवा गोठ्यात बिबट्या अडकला की शे-दोनशे माणसं मोबाईल उंच धरून कडं करतात. बिबट्या मुळात माणसाला टाळणारा प्राणी. वाट दिसली तर तो निघून जातो. वाट बंद झाली की अंगावर येतो. मग माणूसही जखमी होतो आणि बिबट्याही मरतो. वर दोष त्या मुक्या जनावराचा!

कुणी म्हणेल, "सर, ज्यांची लेकरं गेली त्यांना हे सांगा." बरोबर आहे. भीती खोटी नाही, ते दुःख तर नाहीच नाही. म्हणूनच हे शिकवायचं. जुना कुठलातरी व्हिडिओ किंवा एआयने बनवलेलं चित्र 'आपल्या गावात बिबट्या' म्हणून फिरलं की दोन दिवस गोंधळ उडतो आणि खरी सूचना आली तेव्हा कुणी मनावर घेत नाही.

तर उद्याच्या परिपाठात एवढं घ्या. पिल्लू दिसलं तर हात लावायचा नाही, उचलायचं नाही, मोठ्या माणसाला सांगायचं. मोठ्यांनी वनविभागाला १९२६ वर फोन करायचा. मोठा बिबट्या दिसला तर पळायचं नाही, वाकायचं नाही, त्याच्याकडे बघत हळूहळू मागे सरायचं. अंधारात एकटं बाहेर जायचं नाही, बॅटरी घ्यायची, मोठ्याने बोलत चालायचं. आणि आलेला फोटो कधीचा, कुठला हे कळल्याशिवाय पुढे पाठवायचा नाही.

पालकहो, यातलं शेवटचं मुलांआधी आपल्यासाठी आहे. त्या पिल्लाचा फोटो मुलाने काढला नव्हता. मोबाईल एका मोठ्या माणसाच्याच हातात होता.