मावशींचे कापलेले पैसे

आज २९ ऑक्टोबर, संयुक्त राष्ट्रांनी २०२३ साली ठरवून दिलेला आंतरराष्ट्रीय देखभाल व आधार दिन. ज्यांच्यासाठी तो आहे त्यांच्या हे गावीही नाही. त्या बारा तासांच्या ड्यूटीवर आहेत. मुले परदेशी आणि आईवडील अंथरुणाला, अशी घरे पुण्यामुंबईत गल्लोगल्ली आहेत. ती चालतात रुग्णसेवा ब्युरोने पाठवलेल्या सेविकांच्या, म्हणजेच मावशींच्या जिवावर. पेशंटची कूस बदलणे, नळीतून पेज देणे, रात्री तीन वाजता डायपर बदलणे, या सेवेचे गोडवे आज गायले जातील. आम्हाला बोलायचे आहे ते त्यांच्या पैशांबद्दल.

काही ब्युरो मावशींना नोकर न मानता ‘स्वतंत्र व्यावसायिक’ म्हणून दाखवतात. म्हणून भविष्यनिर्वाह निधी नाही, पगारी रजा नाही. टीडीएस मात्र बिनचूक कापला जातो. व्यावसायिक शुल्क म्हणून दहा टक्के धरले, तर महिना २० हजार मिळवणारीचे वर्षाला २४ हजार जातात. पॅन दिलेला नसेल, किंवा तो आधारशी जोडलेला नसेल, तर २० टक्के, म्हणजे ४८ हजार. आणि तिच्या उत्पन्नावर कर किती? शून्य. ड्यूटी लावताना हुकमाची ताबेदार आणि हक्क मागायला आली की स्वतंत्र, ही शुद्ध चलाखी आहे.

‘बारा लाखांपर्यंत टॅक्स नाही’ हे आता सर्वतोमुखी आहे. त्यातून ‘मग आपला प्राप्तिकर खात्याशी संबंधच काय’ असा जो अर्थ निघतो, तो महागात पडतो. कापलेली रक्कम आपोआप परत येत नाही, त्यासाठी विवरणपत्र भरावेच लागते. छोट्या व्यवसायांसाठीचा ‘सुगम’ अर्ज प्राप्तिकर पोर्टलवर फुकट भरता येतो. हिशेबाच्या चोपड्याही लागत नाहीत. घोडे पेंड खाते ते त्याच्या आधीच. पॅनवर माहेरचे नाव, आधारवर सासरचे, बँकेत तिसरेच स्पेलिंग! नावे जुळत नाहीत म्हणून जोडणी होत नाही आणि जोडणी नाही म्हणून परतावा अडतो. दुरुस्तीसाठी हेलपाटे घालायचे, तर प्रत्येक खेपेला ड्यूटी बुडते. मग ‘जाऊ दे’ म्हणत पैसे सरकारजमा राहतात.

मुदत टळली असली तरी गेल्या आर्थिक वर्षाचे विवरणपत्र ३१ डिसेंबरपर्यंत भरता येते. विलंब शुल्क लागलेच, तर पाच लाखांपर्यंतच्या उत्पन्नाला ते हजाराच्या वर जात नाही. तुमच्या घरी मावशी येत असतील, तर ब्युरोकडून टीडीएसचे प्रमाणपत्र तुम्हीच मागून घ्या. तुमचा शब्द तिथे चालतो, त्यांचा चालत नाही. नाव दुरुस्त करायला त्यांना एक दिवसाची भरपगारी सुट्टी द्या, आणि तुमच्या सीएला यंदा आणखी एक विवरणपत्र भरायला सांगा.