कोंबड्यांनी अंडी बंद केली? खाद्याच्या पोत्याला दोष देण्याआधी हे वाचा!



कोंबडीपालनावरच्या व्हिडिओखाली एक प्रश्न सतत येतो. "सर, कंपनीचं खाद्य चालू केलं आणि कोंबड्यांनी अंडी देणं बंद केलं. खाद्यात काही मिसळतात का?"

माझं मत आधीच सांगून टाकतो. खाद्यामुळे अंडी कमी होऊ शकतात, अगदी बंदही होऊ शकतात. पण दहापैकी आठ-नऊ वेळा मला जे दिसतं, त्यात दोष पोत्याचा नसतो. आणि पोत्यावर राग काढून आपण जो निर्णय घेतो, तोच धंदा बुडवतो. आणखी एक, मी खाद्य विकत नाही आणि कुठल्या खाद्य कंपनीचं कमिशनही घेत नाही.

एका ताईंचा हिशोब

जुन्नर भागातल्या एका ताईंनी बचत गटाच्या कर्जातून सुधारित गावरान जातीच्या १५० कोंबड्या पाळल्या. रोज सरासरी ८० अंडी निघायची. व्यापारी जागेवरून १२ रुपयांनी उचलायचा, म्हणजे दिवसाला ९६० रुपये. एका कोंबडीला ११० ग्रॅम धरलं तर रोज साडेसोळा किलो खाद्य. ३२ रुपये किलोने ५२८ रुपये. घरचे कष्ट धरले नाहीत तर हातात ४३२.

डिसेंबरात अंडी ४८ वर आली. त्याच आठवड्यात त्यांनी एक व्हिडिओ पाहिला, "कंपनीचं खाद्य बंद करा, अंडी डबल करा". ताईंनी लेअर खाद्य बंद केलं आणि मका, गहू, भाताचा कोंडा असं घरचं मिश्रण चालू केलं. ते २४ रुपयांना पडलं. रोजचे १३२ रुपये वाचले म्हणून त्या खुश होत्या.

तीन आठवड्यांनी अंडी होती २२. त्यातली काही इतक्या पातळ कवचाची, की हातात घेताच पिचकत होती. उत्पन्न २६४, खाद्य ३९६. रोज १३२ रुपये खिशातून जायला लागले. ४८ अंडी असतानासुद्धा त्या दिवसाला ४८ रुपयांनी फायद्यात होत्या, हे लक्षात घ्या.

फोनवर मी दोनच प्रश्न विचारले. कोंबड्यांचं वय किती? दीड वर्ष. शेडमध्ये पिसं पडलेली दिसतात का? "हो सर, झाडून झाडून कंटाळा आला." उत्तर तिथेच मिळालं. दिवस लहान झाला होता आणि कोंबड्या पिसं गाळत होत्या. खाद्याचा त्यात काही संबंध नव्हता.

कोंबडी घड्याळ बघत नाही, उजेड बघते

अंडी देण्याचा इशारा कोंबडीच्या शरीराला उजेडातून मिळतो. भरपूर अंडी हवी असतील तर दिवसाला १४ ते १६ तास उजेड लागतो. आपल्याकडे जूनमध्ये दिवस १३ तासांच्या आसपास असतो, डिसेंबरात तो ११ तासांवर येतो. म्हणून मोठ्या लेअर फार्मवर पहाटे किंवा संध्याकाळी दिवे लावतात.

त्यातच साधारण दीड वर्षाच्या कोंबडीची जुनी पिसं गळून नवी येतात. पिसं प्रोटीनचीच बनलेली असतात. त्या काळात शरीर पिसांना प्रोटीन पुरवतं आणि अंडी थांबवतं. हे दोन-तीन महिने चालतं. नेमकं याच वेळी ताईंनी प्रोटीन काढून घेतलं!

अमेरिकेतही हेच झालं होतं

२०२३ च्या सुरुवातीला अमेरिकेत घरामागे कोंबड्या पाळणाऱ्या लोकांमध्ये हीच चर्चा पेटली. कंपन्यांनी खाद्य बदललं, म्हणून कोंबड्या अंडी देत नाहीत, असे व्हिडिओ फिरले. बर्ड फ्लूमुळे २०२२ मध्ये तिथल्या चार कोटींहून अधिक अंडी देणाऱ्या कोंबड्या गेल्या होत्या आणि जानेवारी २०२३ मध्ये डझनभर अंड्यांचा सरासरी भाव पावणेपाच डॉलरच्या वर गेला होता. लोक चिडलेले होते, संशयाला जागा होती.

अनेकांनी खाद्य बदललं आणि फेब्रुवारीत अंडी पुन्हा सुरू झाली. "बघा, सिद्ध झालं!" पण तिथल्या उत्तरेकडच्या भागात डिसेंबरचा दिवस जेमतेम नऊ तासांचा असतो आणि फेब्रुवारीत तो झपाट्याने वाढतो. खाद्य न बदलणाऱ्यांच्या कोंबड्याही त्या सुमारास अंड्यावर येणारच होत्या. कावळा बसायला आणि फांदी मोडायला, असला प्रकार.

साधा धंद्याचा विचार करा. लेअर खाद्य विकणाऱ्या कंपनीचं गिऱ्हाईक म्हणजे अंडी विकणारा शेतकरी. अंडी थांबली तर तो कोंबड्या विकून मोकळा होईल. मग पोतं कोण घेईल?

मग खाद्य खरंच दोषी कधी असतं?

१. चुकीचं पोतं. दुकानदार "सगळं सारखंच" म्हणून ब्रॉयलरचं खाद्य देतो. त्यात कॅल्शियम एक टक्क्याच्या आसपास, तर लेअर खाद्यात साडेतीन ते चार टक्के. एका अंड्याच्या कवचात सुमारे २ ग्रॅम कॅल्शियम असतं. ११० ग्रॅम ब्रॉयलर खाद्यातून मिळणार एक ग्रॅमच्या आसपास, आणि तेही सगळं अंगी लागत नाही. शिवाय काही ब्रॉयलर खाद्यांत निकारबॅझिन नावाचं औषध असतं, ते अंडी देणाऱ्या कोंबडीला चालत नाही, अंडी घटतात.

२. बुरशी. पावसाळ्यात पोतं भिंतीला टेकवून जमिनीवर ठेवलं की ओल धरतं. बुरशीचं विष यकृतावर जातं आणि अंडी घटतात. फळीवर ठेवा, भिंतीपासून लांब ठेवा, आणि एका वेळी पुरेल तेवढंच आणा.

३. आपणच केलेली भेसळ. लेअर खाद्यात निम्मा मका मिसळायचा आणि मग खाद्याला नावं ठेवायची! लेअर खाद्यात १६ ते १८ टक्के प्रोटीन असतं, मक्यात आठ-नऊ टक्के. कॅल्शियम तर मक्यात नावालाच.

४. कंपनीची खरी चूक. हो, हीसुद्धा होते. एखाद्या घाण्यात मीठ पडायचं राहिलं तरी अंडी झपाट्याने उतरतात. म्हणून पक्कं बिल घ्या, बॅच नंबर लिहून ठेवा आणि प्रत्येक बॅचमधलं अर्धा किलो खाद्य कोरड्या डब्यात बंद करून ठेवा. वेळ आली तर तपासणीला हाच पुरावा लागतो. नुसत्या संशयाची भरपाई कुणी देत नाही.

पोतं बदलण्याआधी हे तपासा

- वय आणि पिसं: तलंगा अजून अंड्यावर आल्याच नाहीत, की कोंबड्या पिसं गाळतायत?
- उजेड: दिवस लहान झालाय का? झाला असेल तर टायमरवर बल्ब लावा. उजेड एकदम वाढवू नका, हळूहळू वाढवा.
- पाणी: अंड्यात जवळपास तीन चतुर्थांश पाणीच असतं. एक दिवस पाणी तुटलं तरी फटका बसतो.
- खुडूक: गावरान कोंबडी खुडूक बसली की अंडी थांबतातच. हा तिचा स्वभाव आहे.
- चोरी: मोकळ्या कोंबड्या कुंपणात अंडी घालतात आणि मुंगूस खातं. अंडी देणं बंद आहे की मिळणं बंद आहे, हे आधी बघा.
- आजार: सुस्ती, नाकातून पाणी, मरतूक दिसली तर थेट पशुवैद्यकीय दवाखाना गाठा.

एवढं करूनही संशय खाद्यावरच असेल तर एका वयाच्या वीस-वीस कोंबड्यांचे दोन गट करा. उजेड सारखा, पाणी सारखं, फक्त खाद्य वेगळं. तीन आठवडे रोजची अंडी लिहा. फरक दिसला तर खुशाल कंपनी बदला. सगळ्या शेडवर एकदम प्रयोग केला, तर काय कशामुळे झालं हे कधीच कळत नाही.

शेवटी माझी एक कबुली

खाद्याचा खर्च जवळपास शून्यावर आणा, अशा थाटाचा एक व्हिडिओ मीही पूर्वी टाकला होता. भरपूर चालला. नंतर ताईंसारखे फोन यायला लागले, तेव्हा मी तो काढून टाकला. व्ह्यूज माझ्या खात्यात जमा झाले होते, नुकसान दुसऱ्याच्या शेडमध्ये. म्हणून सांगतो, व्हिडिओ माझा असला तरी त्यावर आंधळा विश्वास ठेवू नका.

ताईंनी लेअर खाद्य परत चालू केलं, बल्ब लावला. फेब्रुवारी संपताना अंडी ७० वर आली. मधल्या काळात बचत गटाचा एक हप्ता मात्र चुकला, आणि तो त्यांनी कानातलं गहाण ठेवून भरला.

आज एकच काम करा. एक वही घ्या आणि रोज चार आकडे लिहा: कोंबड्या किती, अंडी किती, खाद्य किती, उजेड किती तास. महिनाभर लिहा. पुढच्या वेळी अंडी कमी झाली, की आधी ती वही उघडा. मोबाईल नंतर.